तुझ्या स्टुलावर कोण बसणार, भूषण

भूषण,

पेपरात तुला गिटारवादक करून टाकलंय. 'कळणा बँडचा तरुण गिटारवादक हरपला' असा मथळा, आणि खाली तुझा ड्रमच्या काठ्या हातात घेतलेला फोटो. काठी आणि गिटार यांतला फरक फोटो छापूनही ज्याला कळला नाही, त्या माणसाला मी फोन लावायला निघालो होतो. मेघानं माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि ती बाहेर गेली. तू असतास तर ते कात्रण सरावाच्या खोलीत चिकटवलं असतंस आणि पुढचा महिनाभर मला ऐकवलं असतंस, "अम्या, आते तू ढोल बडव, मी गिटार धरस." हे मनात आलं आणि मला चक्क हसू फुटलं. हसून झाल्यावर पाहिलं तर खोलीत कुणी नव्हतं.

बाकीच्यांचं लिहून झालंय. तुझ्या फोटोखाली लोकांनी 'खान्देशचा आवाज गेला' असं लिहिलं. आवाज मी होतो रे. तू ठोके होतास. पण आता कुणाकुणाशी भांडत बसू.

खरं भांडण वेगळंच होतं, तेच तुला सांगायला बसलोय. पुढच्या महिन्यात धुळ्याला आपला कार्यक्रम आहे. तूच ठरवलेला, तूच त्या लोकांच्या मागे लागून पटांगण मिळवलेलं. मेघा म्हणाली, कार्यक्रम करायचा. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं आणि करायचा. मी सांगितलं, त्या स्टुलावर कुणी बसणार असेल तर मी गाणार नाही. तिनं बास गिटार पिशवीत घातली, चेन लावली आणि निघून गेली. त्यानंतर आम्ही फोनवर रोज बोलायचो, तुझ्या आईवडिलांबद्दल, आईच्या तब्येतीबद्दल, नानांच्या जेवणाबद्दल. हा विषय तेवढा निघत नव्हता.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी मी क्लासला शिकवायला गेलो. सरांना म्हणालो, आज शिकवणं जमणार नाही. त्यांनी विचारलं, "कोण लागत होते तुमचे?" मी म्हणालो, मित्र. "अरेरे," ते म्हणाले, आणि मग मुलांची परीक्षा जवळ आल्याचं सांगितलं. मी दहावीच्या मुलांना त्रिकोण शिकवले. घरी आलो तर ताईच्या सासरचे पाहुणे बसलेले. आईनं श्रीखंड केलं होतं. आईचा काही दोष नाही, पाहुणे आधीच ठरलेले होते आणि तू आमच्या घरातला नव्हतास. ताटातलं श्रीखंड मी संपवलं. सोनगीरला तुझ्या चुलतभावांच्या घरात तेव्हा फोडणीसुद्धा पडत नव्हती. तुझे जे चुलतभाऊ तुला वर्षातून एकदा लग्नात भेटायचे, त्यांना तुझं सुतक होतं. मला नव्हतं.

आपली पहिली ओळख आठवते का? विद्यापीठाच्या होस्टेलची मेस. मी नुकताच जळगावातल्या घरातून भांडून होस्टेलला राहायला आलेलो, गिटारचे चार सूर येत होते म्हणून स्वतःला फार शहाणा समजायचो. तू समोर बसून दोन चमच्यांनी ताट वाजवत होतास. मी म्हणालो, जेवू दे की. तू म्हणालास, "जेव ना भो, मी काय तुन्हा घास वाजाडी ऱ्हायनू?" मला उत्तर सुचलं नाही. नंतरही तुझ्यापुढे मला कधीच वेळेवर उत्तर सुचलं नाही, जिना उतरून खाली गेल्यावर सुचायचं.

मेघा आपल्या वर्गात होती. पाचोऱ्याहून रोज रेल्वेनं यायची आणि तिच्याकडे बास गिटार होती, एवढ्या भांडवलावर आपण तिला बँडमध्ये घेतलं. खरं तर तिनंच आपल्याला घेतलं, कारण जागा तिच्या मामाची होती. जळगावबाहेर मामांच्या केळी पिकवायच्या बंद खोल्या. भिंती जाड, दार जाड, आत गारवा. बाहेर कितीही ऊन असो, आत स्वेटर लागायचं. मामा म्हणाले होते, जी खोली रिकामी असेल त्या खोलीत काय तो गोंधळ घाला, पण शेजारच्या खोलीचं दार उघडलंत तर याद राखा. तिथला गोंधळ बाहेर काडीचा ऐकू यायचा नाही. सबंध खान्देशात रॉक बँडला याहून चांगली जागा कुणाला मिळाली नसेल. सराव संपवून बाहेर आलो की आपल्या कपड्यांना पिकल्या केळ्यांचा वास यायचा आणि रिक्षावाले विचारायचे, माल कुठं टाकला?

श्रावणात तू आम्हा दोघांना सोनगीरला नेलंस. तुमच्याकडे कानबाई देवी बसली होती. घर माणसांनी भरलेलं, बायका अहिराणीत गाणी म्हणत होत्या, तू मला कोपरानं ढोसत होतास, "आयक, ठेका आयक." मग देवीच्या प्रसादाच्या रोटांची पंगत बसली आणि तुझ्या लक्षात आलं की रोट फक्त भाऊबंदांनी खायचे असतात. आम्हाला जेवायला बोलावून तू आम्हाला जेवूच घालू शकत नव्हतास. एवढा गोंधळ तूच घालू जाणे. आत तुझ्या सगळ्या भाऊबंदांची पंगत, आणि बाहेर ओट्यावर मी आणि मेघा सोनगीरच्या किल्ल्याकडे बघत उपाशी बसलेलो. तुझी आई मागच्या चुलीवरून आमच्यासाठी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन आली. तिलाच वाईट वाटत होतं. म्हणाली, "पोरसहोन, राग नका मानज्यात. देवीनं काम शे." थोड्या वेळानं तू आपलं ताट सोडून बाहेर आलास, काका आतून हाका मारत होते तरी, आणि आमच्यातली अर्धी भाकरी मोडून घेतलीस. तिथंच मेघा म्हणाली, बँडचं नाव कळणा. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ, तसे आपण. मला ते नाव मुळीच आवडलं नव्हतं. दोनास एक अशी हार झाली.

तुझ्या जुन्या ड्रमसेटची झांज तडकलेली होती. नवी कुठून आणणार? तुझे वडील सोनगीरचे तांबट, हंडे-घागरी घडवणारे. तू ती तडकलेली झांज त्यांच्यापुढे नेऊन ठेवलीस. नानांनी ती उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "हाई भांडं शे का झाकन शे?" मग पितळेचा पत्रा घेऊन त्यांनी तशीच एक ठोकून दिली. दिसायला सुंदर झाली होती, मधोमध ठोक्यांची नक्षी होती. आवाज मात्र, भूषण, मी तेव्हाही म्हणालो होतो आणि आजही म्हणतो, आवाज परात पडल्यासारखा होता. त्यावरून आपण जळगाव ते धुळे एसटीत भांडलो. तू म्हणायचास, सगळ्या बँडांची झांज सारखीच वाजते, आपली निदान ओळखू तरी येते. मी म्हणायचो, कुत्रं भुंकलेलंही ओळखू येतं. पुढच्या बाकावरचे आजोबा मागे वळून म्हणाले, "बठ्ठी गाडी आयकी ऱ्हायनी रे, जरा धीमा."

आणि मग तो धुळ्याचा पहिला कार्यक्रम. मार्च संपत आलेला, कॉलेजचं उघडं पटांगण, वर नुसता पांढरा मांडव. आपण सबंध हिवाळा त्या गार खोलीत सराव केलेला, सकाळीही तिथंच सूर लावून निघालेलो. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाहेर ऊन असतं. खान्देशात जन्म घेऊन ऊन विसरलो आपण! पहिल्या गाण्याच्या मध्यावर माझ्या तारा सैल पडल्या, मेघाच्याही पडल्या, आणि जे काही बाहेर पडत होतं ते ऐकून पुढची पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी गाणं थांबवलं. मला मंचावरून उडी मारून थेट स्टँड गाठावंसं वाटत होतं. मी तारा पिळत होतो, हाताला घाम, खुंट्या सटकत होत्या.

तू थांबला नाहीस. तुझे ड्रमही ढब्ब वाजत होते, म्हणून तू ते सोडलेस आणि नानांच्या झांजेवर तुमच्या घरच्या त्या बायकांच्या गाण्यांचा ठेका धरलास. पोरं आधी हसली. मग मागच्या बाजूला मुली टाळ्या वाजवायला लागल्या, मग सगळेच. आम्ही सूर लावून उभे राहिलो तरी तू थांबेनास. मानेनं मला खूण केलीस, गा. काय गाऊ? मी आपला तुझ्याबरोबर एसटीत रचलेल्या त्या अर्धवट गाण्याच्या चार ओळी गायलो, फाट्यावर बसची वाट बघणाऱ्या पोराच्या. अहिराणीत. माझ्या मराठी गाण्यांवर तू नेहमी म्हणायचास, "तुन्हा शब्द इस्तरी करेल शेतस. आम्हना गावमा असं कोन बोलस?" त्या दिवशी मी तुझे चुरगाळलेले शब्द गायलो आणि अख्खं पटांगण नाचलं. कुणीतरी ते फोनवर घेतलं. आठवड्याभरात ते चोपडा, शिरपूर, नंदुरबार कुठं कुठं पोहोचलं. मग बोलावणी येऊ लागली. गॅदरिंगांची, गणपतींची, नाशिकची, पुण्याची. लोक मला विचारायचे, ती सुरुवातीची सैल तारांची कल्पना कुणाची? मी गंभीर चेहऱ्यानं सांगायचो, प्रयोग होता.

पुण्याचं भांडण मात्र राहून गेलं. रेकॉर्डिंग करणाऱ्या माणसानं तुझी झांज ऐकून तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, इथं संगणकातली चांगली झांज टाकू. मी म्हणालो, टाका. तू उठलास आणि बाहेर चहाच्या गाडीवर जाऊन बसलास. मी तुला बोलवायला आलो तर तू माझ्यासाठीही चहा सांगितलास, आणि आपण दोघंही त्या विषयावर एक अक्षर बोललो नाही. रेकॉर्डिंग तसंच अर्धवट ठेवून गाडीत बसलो. मी म्हणत होतो, पुण्याला राहायला जाऊ, तिथं आपलं नीट होईल. तू म्हणत होतास, लोक बोलावतात ते आपण इथले आहोत म्हणून. तुझं चुकलं असं मला अजून वाटतं. तू गेलास म्हणून तुझं बरोबर ठरत नाही. पण माझा मुद्दा मी कुणाला पटवून देऊ? मेघा म्हणते, तुला जे वाटतं ते कर. असं म्हणणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही.

मग तो ताप आला. तू फोनवर म्हणालास, साधा ताप आहे, शुक्रवारी सरावाला येतो. शुक्रवारी मी आणि मेघा त्या गार खोलीत तुझी वाट बघत बसलो होतो. पुढचं लिहायचं नाही मला.

तुझ्या गंधमुक्तीला सोनगीरला गेलो होतो. दारात चपलांचा ढीग, ओट्यावर टोप्या. मी मागे, रस्त्याच्या कडेला उभा होतो. माझ्यासारखे आणखी बरेच उभे होते, आपली गाणी ऐकणारे, धुळ्याहून आलेले. आत विधी झाला आणि भाऊबंदांना ओळीनं गंध लावायला सुरुवात झाली. एकेकाच्या कपाळाला गंध लागत होतं, सुतक सुटत होतं, माणसं उठून पाणी पीत होती, एकमेकांशी शेतीवाडीचं बोलायला लागत होती. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांना कुणीतरी सांगत होतं की आता पुरे.

नाना भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला पाहिलं आणि हात केला. मी आत गेलो. ते गंध लावणाऱ्या तुझ्या काकांना म्हणाले, "याले बी लाव." काका अडखळले. हळू आवाजात म्हणाले, "नाना, हाऊ आपला भाऊबंद नई."

"माले मालूम शे," नाना म्हणाले. "त्यानं सुतक मी दखेल शे. लाव."

काकांनी लावलं. त्यांचं बोट थंड होतं. मला वाटलं होतं रडू येईल, पण आली ती चीड. मला सुटायचं नव्हतं रे, आणि हे सगळ्यांसमोर मला सोडून देत होते.

मग चार जण नानांना धरून दुकानात घेऊन गेले. आम्हीही मागे गेलो. दुकान तू गेल्यापासून बंद होतं. कुलूप उघडलं, एकानं आत झाडलं, एकानं नानांना त्यांच्या जागेवर बसवलं आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. तुमच्यात असंच करतात, दुःख झालेल्या माणसाला भाऊबंद कामावर नेऊन बसवतात, स्वतःहून तो कधी बसणार? समोर एक अर्धा झालेला हंडा होता. नानांनी त्याच्यावर एक ठोका मारला. दुसरा मारला. ठोका वाकडा पडला. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"तुन्हं दुकान कोन उघाडी रे?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, नाना, आमचं दुकान भूषणशिवाय चालत नाही.

"मन्हं चालस का?" ते म्हणाले. एवढंच. त्यांनी पुन्हा हातोडी उचलली आणि मी बाहेर आलो. मागे ठोके चालू होते, एकसारखे नाहीत, मधेच थांबणारे.

फाट्यावर उभं राहून मी मेघाला फोन केला. म्हणालो, बोलाव कुणाला बोलवायचंय ते. ती म्हणाली, धुळ्याची एक मुलगी आहे, पॉलिटेक्निकला शिकवते, चांगली वाजवते, मी तिला आधीच विचारून ठेवलंय. मी म्हणालो, मला न सांगता? ती म्हणाली, "तुला सांगून काय झालं असतं?" आणि मग ती रडायला लागली, तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला ऐकू येईल अशी. मी फाट्यावर, ती पाचोऱ्याच्या घरात, आणि दोघांच्या मधे ट्रकांचे आवाज.

ती मुलगी परवा आली होती. नाव शुभांगी. तुझ्या स्टुलावर बसायच्या आधी तिनं आमच्याकडे पाहिलं, बसू का अशा अर्थानं. मेघा खाली बघत होती. मीच म्हणालो, बसा. ते स्टूल तिला उंच होत होतं, तिनं ते फिरवून खाली केलं. तेवढा वेळ मी भिंतीकडे बघत राहिलो.

मग आम्ही वाजवलं. तुला माहीत आहे, तू रंगात आलास की पळायचास. दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं ठरल्यापेक्षा कितीतरी पुढे गेलेलं असायचं, आणि मी तुझ्यामागे धापा टाकत गायचो, शेवटच्या ओळीला माझा श्वास पुरायचा नाही, त्यावरून प्रत्येक कार्यक्रमानंतर आपली जुंपायची. ही पळत नाही. ज्या लयीत सुरुवात केली त्याच लयीत शेवटपर्यंत येते. शेवटची ओळ मी पहिल्यांदाच पूर्ण गायलो.

ती तुझ्यापेक्षा चांगली वाजवते, भूषण. मेघाला मी हे बोललेलो नाही, नानांना तर कधीच सांगणार नाही. हे तुलाच सांगण्यासारखं होतं.